चक्रीभुंग्याचा दूरचा भाऊबंद

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, अभयारण्याच्या अगदी कडेला. मार्च महिन्यात शेजारच्या आजी आमच्या ओसरीवर टेकल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, नाल्याच्या काठचा धावडा पडला. माह्या लग्नाच्या आधीपासूनचा. वाळून खडखडीत झाला. थो तिथंच सडून रायला, पन आमाले काडी नेऊ देत नाई. हे कोनतं शाहानपन हाय जी?"

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. तरी तोंडातून निघालं ते एवढंच: "कोर्टाचा हुकूम आहे, आजी." त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही.

हुकूम खरा आहे. 14 फेब्रुवारी 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून मेलेली, रोगट, मरायला टेकलेली आणि वाऱ्यानं पडलेली झाडं काढायला मनाई केली. गवतसुद्धा त्यात आलं. ताडोबा असो, मेळघाट असो, नवेगाव-नागझिरा असो, पडलेला ओंडका पडल्या जागी राहतो. पण हुकूम सांगितला म्हणजे कारण सांगून झालं असं होत नाही. वर्गात एखाद्या पोरानं "असं का?" विचारलं आणि मी "पुस्तकात लिहिलंय" म्हणालो असतो, तसं ते झालं.

मग मी विचार करत बसलो, की हे सोप्यात सोपं कशावरून सांगता येईल. वाघ इथं उपयोगाचा नाही. वाघाला सडक्या ओंडक्याशी काय घेणंदेणं. शेवटी एका भुंग्यावर येऊन थांबलो. तो विदर्भात नाही, भारतातही नाही. तो बर्फाळ प्रदेशातल्या सूचिपर्णी जंगलात राहतो आणि युरोपात दुर्मिळ झाला आहे. ट्रॅगोसोमा हे त्याच्या कुळीचं, म्हणजे शास्त्रज्ञांच्या भाषेत प्रजातीचं (इंग्रजीत जीनस) नाव; एका प्रजातीत अनेक जाती असू शकतात. एवढ्या लांबचा भुंगा कशाला, असं वाटेल. पण त्याचा सोयरा आपल्या वावरात दर ऑगस्टला असतो, आणि त्याला शिव्या न दिलेला शेतकरी विदर्भात सापडायचा नाही.

तो म्हणजे सोयाबीनवरचा चक्रीभुंगा.

सोयाबीन फुलावर आलं की तासातून चालताना मधेच एखाद्या झाडाचा शेंडा किंवा पानाचा देठ मान टाकलेला दिसतो. जवळ जाऊन बघितलं तर देठावर किंवा खोडावर दोन गोल खापा, एकमेकींपासून चारदोन बोटांवर. जणू कुणी बारीक तारेनं आवळून काढल्या. ही मादीची करामत. ती जबड्यानं दोन कडी कोरते आणि त्यांच्या मधल्या भागात अंडं घालते. कड्यांमुळे वरचा रसपुरवठा तुटतो, वरचा भाग सुकतो, आणि अंड्यातून निघालेली अळी आतला गर खात खाली उतरते. नखानं खोड उभं चिरा. आत पिवळसर, गुळगुळीत, चिरमुऱ्यासारखी अळी सापडेल. पीक पक्वतेला येताना हीच अळी खोड आतून गोल कापते आणि झाड तिथून मोडून पडतं. मागच्या हंगामात पुतण्यानं असं एक झाड माझ्यापुढे धरलं: "काका, पायजा याची मान."

आता प्रौढ भुंगा आठवा. सेंटिमीटरभर लांब किंवा त्याहून कमी, नारिंगी अंग, पंखांचा मागचा भाग काळपट. आणि डोक्यावर अंगाएवढ्या लांब मिशा. ती मिशीच त्याच्या घराण्याची खूण. या घराण्याला इंग्रजीत लाँगहॉर्न म्हणतात, लांब शिंगांचे भुंगे. जगभरात त्यांच्या 35,000 हून जास्त जाती आहेत. जर्मन लोकांना त्या मिशीत बोकडाची शिंगं दिसली, म्हणून ते अख्ख्या घराण्याला 'बोकडभुंगे' म्हणतात. आपल्या मराठीनं मात्र भुंग्याकडे पाहिलंच नाही. तिनं नाव दिलं अळीला. भिरूड. आंब्याला भिरूड लागली म्हणतो तेव्हा आपण बहुधा याच घराण्यातल्या एका मोठ्या भुंग्याच्या अळीबद्दल बोलत असतो. नुकसान करते ती अळी, म्हणून नाव तिचं. शेतकऱ्याची भाषा हिशेबी असते.

ट्रॅगोसोमा हे नावही बोकडावरूनच आलं. ग्रीक भाषेत 'ट्रॅगोस' म्हणजे बोकड आणि 'सोमा' म्हणजे अंग. या भुंग्याच्या छातीवर दाट लव असते, बोकडाच्या अंगावर असते तशी राठ. स्वीडनमध्ये त्याला 'रागबॉक' म्हणतात, म्हणजे झिपऱ्या बोकड. सोयीसाठी मी त्याला बोकडअंग्या म्हणतो. पुतण्याला ते लगेच पाठ झालं. रंग तपकिरी, लांबी साधारण 16 ते 30 मिलिमीटर, म्हणजे चक्रीभुंग्याच्या दुप्पट-तिप्पट. छातीच्या दोन्ही बाजूंना एकेक टोकदार दात. उन्हाळ्यात, तिकडच्या जुलै-ऑगस्टात, रात्री उडतो आणि दिव्यावर येतो. मादी वास सोडते आणि नर तो मिशांनी टिपून तिच्यापर्यंत पोचतो. एवढ्या लांब मिशा शोभेला नसतात. युरोपातल्या जातीची पहिली शास्त्रीय नोंद लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं 1767 मध्ये केली. ट्रॅगोसोमा ही प्रजाती सर्व्हिल या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञानं 1832 मध्ये बांधली. या प्रजातीत जाती थोड्याच. एक युरोपपासून सायबेरियापर्यंत, बाकीच्या उत्तर अमेरिकेत.

इथपर्यंत ओळख झाली. आता खरा मुद्दा: हा खातो काय?

चक्रीभुंग्याची अळी हिरव्या, जिवंत, रसरशीत खोडात वाढते. तेही सोयाबीनच्या, ज्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र खेचून झाडाला देतात. म्हणजे तिला रोज ढेप, म्हणजे पेंड, खायला मिळते असं समजा. बोकडअंग्याची अळी मेलेल्या पाईनच्या ओंडक्यात राहते. हे नुसतं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा. कुटाराहूनही वाईट. शंभर किलो कोरड्या लाकडात नत्र जेमतेम शंभर ग्रॅम असतो, बऱ्याचदा त्याहूनही कमी. ज्यानं जनावरं पाळली त्याला वेगळं सांगायला नको: नुसत्या कुटारावर ठेवलेलं वासरू मरत नाही, पण वाढतही नाही. ढेपेवरचं वासरू वर्षात अंगानं भरतं. दोन्ही अळ्या एकाच घराण्याच्या, पण एक पावसाळ्याच्या एका हंगामात मोठी होते आणि दुसरीला कित्येक वर्षं लागतात.

लाकूड पचवणं हेही सोपं काम नाही. लाकूड म्हणजे सेल्युलोज आणि लिग्निन. आपण लाकूड चावून खाल्लं तर जसंच्या तसं बाहेर पडेल. या घराण्यातल्या काही अळ्या सेल्युलोज तोडणारी पाचकद्रव्यं स्वतः तयार करतात, शिवाय पोटातले सूक्ष्मजीव मदतीला असतात. आणि तिसरा मदतनीस म्हणजे बुरशी. ओंडक्यात बुरशी शिरली की ती लाकूड मऊ करते आणि आजूबाजूचा नत्र आपल्या तंतूंवाटे लाकडात ओढून आणते. आजींच्या भाषेत जे "सडणं", ते अळीच्या दृष्टीनं रांधणं. कच्चं धान्य कोण खातो?

लाकडातली ही सावकाश चाल कुठवर जाऊ शकते, याचं एक उदाहरण सांगतो. उत्तर अमेरिकेत याच घराण्यातला एक भुंगा बर्च लाकडाच्या पुस्तकांच्या कपाटातून, कपाट बनून 40 वर्षं झाल्यावर बाहेर आल्याची नोंद आहे. झाड कापलं, फळ्या पाडल्या, रंधा मारला, कपाट झालं, घरात पिढी बदलली, आणि आतली अळी सुक्या लाकडाचा एकेक कण खात बसलेली. अर्थात हे टोकाचं उदाहरण आहे.

आता बोकडअंग्याचं घर कसं तयार होतं ते पाहू, कारण त्याच्या दुर्मिळपणाचं कोडं तिथंच सुटतं.

सूचिपर्णी म्हणजे ज्यांची पानं सुईसारखी असतात ती झाडं: पाईन, स्प्रूस, देवदार. विदर्भाच्या रानात नैसर्गिकरीत्या यातलं काहीच नाही; आपला साग, ऐन, धावडा, सालई सगळे रुंद पानांचे. हिमालयात चीड आणि देवदार आहेत. पाईनचं खोड राळेनं भरलेलं असतं आणि ही राळ हे त्याचं हत्यार. जिवंत झाडाला कुणी कीटक पोखरायला लागला की राळ सुटते आणि तो तिच्यातच बुडतो. बोकडअंग्या जिवंत झाडाच्या वाटेला जातच नाही. तो वाट पाहतो.

उत्तर युरोपातला पाईन थंडीमुळे हळूहळू वाढतो आणि दोनशे, तीनशे वर्षं सहज जगतो. मग एखादा वणवा, वादळ किंवा नुसतं म्हातारपण त्याला मारतं. मेल्यावरही तो लगेच पडत नाही. साल गळते, लाकूड चांदीसारखं करडं होतं आणि तसाच उघडावाघडा सांगाडा कित्येक दशकं उभा राहतो. फिनलंडमध्ये अशा उभ्या मृत पाईनला 'केलो' असं खास नाव आहे. एखाद्या भाषेत मेलेल्या झाडासाठी वेगळा शब्द असतो, म्हणजे त्या लोकांनी ते झाड किती वर्षं रोज पाहिलं असेल. दुर्दैवानं केलोच्या लाकडाच्या झोपड्यांना तिकडे भारी मागणी असते.

केव्हातरी तो सांगाडा आडवा होतो. आणि इथून बोकडअंग्याच्या अटी सुरू होतात. ओंडका जाड हवा, आपल्या मांडीएवढा किंवा त्याहून जाड. साल निघालेली हवी. जमिनीला टेकलेला हवा, म्हणजे खालून थोडी ओल राहते. आणि त्यावर ऊन पडायला हवं. गर्द सावलीतला ओंडका त्याला चालत नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात वाढलेल्या माणसाला ही शेवटची अट ऐकून हसू येईल, पण तिकडे ऊन ही चैन आहे. उन्हात लाकूड तापतं आणि आतली अळी वाढते. त्यातही हळू वाढलेला, राळेनं भरलेला पाईन त्याला विशेष पसंत, कारण तसा ओंडका लवकर भुसभुशीत होत नाही आणि भुंग्याच्या एकामागून एक पिढ्यांना पुरतो. मादी भेगांमध्ये अंडी घालते, अळ्या आत शिरतात आणि काही वर्षांनी लांबट, अंडाकृती भोक पाडून नवे भुंगे बाहेर येतात. प्रौढ झाल्यावर त्यांचं आयुष्य काही आठवड्यांचं. खाणंपिणं जवळपास संपलेलं, फक्त जोडीदार आणि पुढचा ओंडका शोधायचा.

हिशेब मांडा. झाड वाढायला दोनशे वर्षं, मेल्यावर उभं राहायला काही दशकं, आडवं पडून मुरायला आणखी काही वर्षं. एवढ्या तपश्चर्येनंतर घर तयार. आणि ते आरा लावून अर्ध्या तासात गाडीवर चढवता येतं. भुंगा नाजूक नाही. बर्फ सोसतो, सुकं लाकूड पचवतो. टंचाई आहे ती त्याच्या ओंडक्यांची.

यात एक गंमत अशी, की स्वीडन जंगलानं भरलेला देश आहे. देशाची जवळपास दोन तृतीयांश जमीन जंगलाखाली. तरीही बोकडअंग्या तिथल्या धोक्यातल्या जीवांच्या लाल यादीत आहे. शेजारच्या नॉर्वे आणि फिनलंडमध्येही तीच गत. जंगल भरपूर आणि भुंगा नाही, हे कसं? कारण त्यातलं बहुतेक जंगल आपल्या कपाशीच्या वावरासारखं आहे: लावा, विरळणी करा, कापा, पुन्हा लावा. साधारण शंभरीच्या आत झाड कापलं जातं, म्हणजे बोकडअंग्याच्या लेखी ते अजून कोवळं. म्हातारं व्हायला, मरायला आणि पडून राहायला कुणाला सवडच नाही. वणवेही विझवले जातात. पूर्वी अशा वणव्यांनीच पाईनची जंगलं मोकळी, उन्हाची राहायची आणि वाळके सांगाडे मागे उरायचे.

आकड्यांत बोलायचं तर, उत्तर युरोपाच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातल्या हात न लागलेल्या जुन्या जंगलात मेलेलं लाकूड हेक्टरी साधारण 60 ते 120 घनमीटर असतं. कापणीच्या जंगलात 2 ते 10. घनमीटर डोळ्यापुढे येत नसेल तर ट्रॅक्टरची ट्रॉली आठवा. काठोकाठ भरलेल्या ट्रॉलीत तीन-साडेतीन घनमीटर बसतं धरा. म्हणजे जुन्या जंगलात एकरी सात ते चौदा ट्रॉल्या मेलेलं लाकूड, आणि कापणीच्या जंगलात एक ट्रॉली भरली तर भरली. तीही बारीक फांद्यांची.

आणि त्या ट्रॉलीवर एकटा बोकडअंग्या अवलंबून नाही. एकट्या फिनलंडमध्ये चार ते पाच हजार जाती मेलेल्या लाकडावर जगतात. भुंगे, बुरश्या, माश्या, दगडफुलं. जंगलातल्या दर चार-पाच जातींमागे एक.

उत्तर अमेरिकेत याचे भाऊबंद इतके अडचणीत नाहीत. तिथल्या डोंगराळ भागात जुने पाईन अजून पडतात आणि पडून राहतात. एवढ्या एका फरकानं भुंग्याचं नशीब बदललं.

आता थोडं विषयांतर, पण कामाचं. मागच्या वर्षी गावात सौर पंपाचं साहित्य आलं तेव्हा त्याच्यासोबत पांढुरक्या लाकडाची मोठी पेटी होती. पुतण्यानं तिच्या फळ्यांचं कोंबड्यांचं खुराडं केलं. एक फळी मी मागून घेतली. नाकाशी धरली तर टर्पेन्टाइनसारखा वास: पाईन. फळीच्या कापलेल्या टोकाला वर्षागणिक पडणारी वलयं स्पष्ट दिसत होती. बोटाच्या रुंदीत फक्त तीन वलयं. म्हणजे हे झाड धावत वाढलेलं, लागवडीचं. हळू वाढलेल्या उत्तरेकडच्या पाईनमध्ये तेवढ्याच रुंदीत ती इतकी दाट असतात, की भिंगाशिवाय मोजता येत नाहीत. बोकडअंग्यानं माझी फळी नाकारली असती.

त्याच फळीवर एक काळा शिक्का होता: गव्हाची ओंबी, 'आयपीपीसी' (वनस्पतींच्या संरक्षणासाठीचा आंतरराष्ट्रीय करार) अशी अक्षरं आणि खाली 'एचटी'. त्याची गोष्ट याच घराण्याशी जोडलेली आहे. 1996 मध्ये न्यूयॉर्कमध्ये आशियातला एक काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा लाँगहॉर्न भुंगा जिवंत मेपल झाडं पोखरताना सापडला. तो तिकडे पोचला होता मालाच्या लाकडी पेट्यांतून, अळीच्या रूपात. अशा प्रकरणांनंतर 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय नियम आला: देशाबाहेर जाणारं पॅकिंगचं लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापवायचं, किंवा ठरलेली दुसरी प्रक्रिया करायची, आणि शिक्का मारायचा. 'एचटी' म्हणजे तापवलेलं. म्हणजे एकाच घराण्यात एक भाऊ जगाच्या बंदरांवर पहारा बसवायला लावतो, दुसरा आपलं सोयाबीन पाडतो, आणि तिसरा एका ओंडक्यासाठी हिंडत लुप्त होतोय. 'लाँगहॉर्न म्हणजे कीड' किंवा 'लाँगहॉर्न म्हणजे दुर्मिळ जीव' ही दोन्ही वाक्यं त्यामुळे अर्धवट.

हे सांगितलं की शेतकरी हमखास एक शंका काढतो, आणि ती रास्त आहे: सडकं लाकूड ठेवलं तर त्यातली कीड उठून चांगल्या झाडांना लागणार नाही का? उत्तर लाकडाच्या वयावर आहे. ताजं पडलेलं, साल असलेलं, ओलं लाकूड काही वेळा खरंच धोक्याचं. युरोपात स्प्रूसच्या सालीखाली राहणारे बारीक भुंगे वादळात पडलेल्या ताज्या झाडांत वाढतात आणि संख्या फुगली की उभ्या झाडांवर चाल करतात. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात 1990 च्या दशकाच्या शेवटी सालच्या, म्हणजे सरईच्या, जंगलात एका लाँगहॉर्ननं असाच कहर केला होता. लाखोंच्या संख्येनं झाडं तोडावी लागली. त्या भुंग्याला पकडायची जुनी युक्तीही ताज्या लाकडाचीच आहे. एक सरईचं झाड तोडून त्याची साल ठेचतात, रसाच्या वासानं भुंगे गोळा होतात आणि माणसं ते हातानं वेचून मारतात. पण साल गळून वर्षं झालेला, उन्हानं करडा पडलेला ओंडका या टोळीच्या काहीच कामाचा नसतो. सालीखाली राहणाऱ्यांना साल लागते, रस पिणाऱ्यांना रस. कोरड्या ओंडक्यात उरतात ते बोकडअंग्यासारखे, जे जिवंत झाडाला हातही लावत नाहीत.

तर आजी. मी परत त्यांच्याकडे गेलो आणि हे सगळं अर्ध्या तासात सांगितलं. धावडा काही पाईन नाही आणि त्यात बोकडअंग्या नाही, हेही सांगितलं. पण आपल्या रानातही मेल्या लाकडावर पोट असलेले जीव आहेत, त्यांची घरंही वर्षानुवर्षांत तयार होतात. तुमच्या लग्नाआधीचा धावडा पुन्हा तयार व्हायला तुमच्या पणतवांचं लग्न व्हावं लागेल. एखादी गोष्ट ऐकावी तशा त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे जाड लाकडात किडे रायतेत. मंग बारक्या काड्या काऊन नाई नेऊ देत?"

याच्यापुढे मला फार बोलता आलं नाही, कारण प्रश्न बरोबर होता. डोक्यावरच्या मोळीत असतं मनगटाएवढं लाकूड. बोकडअंग्यासारख्यांचं पोट भरतं मांडीहून जाड ओंडक्यावर. मोळीनं तिकडच्या पाईनवनातला भुंगा संपवला नाही. तो संपवला आऱ्यानं आणि घाईनं. बारक्या काड्यांवर जगणारेही जीव असतात, नाही असं नाही, पण बारकी काडी दरवर्षी पडते आणि तीनशे वर्षांचं खोड एकदाच पडतं. माझं मत विचाराल तर, नियम करताना जाडी मोजायला हवी होती. अभयारण्याच्या दारात राहणाऱ्या बाईला सिलिंडर परवडत नाही तेव्हा चूल काड्यांवरच पेटते. हा वाद माझ्यानं मिटणारा नाही.

आजींना मी एक गोष्ट मात्र दाखवली. आमच्या विहिरीजवळ जुन्या आंब्याचा बुंधा पडला आहे, चारेक वर्षांपासून. तो उभा असताना भिरूड लागली होती. बुंध्याशी भुश्याचा ढीग पडायचा. तार घालून अळी ओढून बघितली, रॉकेलचा बोळा कोंबून वर चिखल लिंपला, पण झाड गेलंच. त्या वेळची भोकं अजून आहेत, गोल, अंगठा जाईल एवढी. त्यांच्या कडा काळपट आणि झिजलेल्या. म्हणजे जुनी, राहणारा कधीच उडून गेला. पण यंदा त्यांच्या शेजारी बारीक, नवी भोकं दिसायला लागली आहेत, तांदळाचा दाणा बसेल एवढी. कडा स्वच्छ, लाकडाच्या आतल्या रंगाची, आणि खाली चिमूटभर ताजं पीठ. तिकडचे अभ्यासक बोकडअंग्याचा शोध असाच घेतात. रात्री उडणारा भुंगा हाती लागत नाही, म्हणून ते दिवसा ओंडके तपासत फिरतात आणि भोकं मोजतात: अंडाकृती आहे का, कड उजळ आहे की काळी पडली, म्हणजे यंदाचं की दहा वर्षांपूर्वीचं.

आजींनी वाकून त्या पिठाची चिमूट बोटावर घेतली, चोळून बघितली. "ओलं हाय," म्हणाल्या. "आत कोनी तं हाय."